बर्लिनमधील एक सत्र आणि ते विकणारे ‘संपूर्ण पॅकेज’

ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात मी बर्लिनमधील एका सार्वजनिक विद्यापीठात एक सत्र शिकून आले. मी मूळची उदगीरची असून छत्रपती संभाजीनगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात जलव्यवस्थापन या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. आमच्या महाविद्यालयाचा त्या विद्यापीठाशी विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा करार असल्यामुळे निवड महाविद्यालयातूनच झाली होती आणि शिक्षणशुल्कही द्यायचे नव्हते. तरीही घरातून परदेशी जाणारी मी पहिलीच, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि जर्मनीच्या व्हिसाची कागदपत्रे पाहिलेला माणूस आमच्या ओळखीत एकही नाही, अशी स्थिती असल्याने आम्ही शहरातील एका परदेशशिक्षण सल्लागार संस्थेचे ‘संपूर्ण सत्र पॅकेज’ १,२०,००० रुपयांना घेतले. व्हिसाची फाइल, ब्लॉक्ड अकाउंट, विमा, खोली, विमानतळावरून नेण्याची सोय आणि जर्मन भाषेचे वीस तास, असे सारे त्यात होते. हे परीक्षण मुख्यतः त्या पॅकेजचे आहे. परंतु तिकडे गेल्यावर विद्यार्थी म्हणून जे आपोआप पदरात पडले, ते शेजारी ठेवल्याशिवाय या १,२०,००० रुपयांची खरी किंमत कळणार नाही, म्हणून त्याविषयीही सविस्तर लिहीत आहे.

प्रथम जे चांगले झाले ते सांगणे न्यायाचे ठरेल. व्हिसाच्या फाइलचे काम संस्थेतील ज्या मॅडमकडे होते, त्या कामात अत्यंत चोख होत्या. कोणत्या कागदाच्या किती प्रती, कोणत्या क्रमाने, कोठे सही आणि कोठे नाही, हे त्यांनी तीन वेळा तपासले. वडिलांच्या वेतनचिठ्ठ्यांतील नावात आणि माझ्या पासपोर्टवरील त्यांच्या नावात एका अक्षराचा फरक होता, तो त्यांच्याच नजरेस आला आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्र करून घ्यायला त्यांनीच सांगितले. मुंबईला देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी मुलाखतीच्या खिडकीपाशी उभी राहिले, तेव्हा माझ्या पुढच्या दोन मुलांना कागद अपुरे म्हणून परत पाठवले गेले आणि माझे काम वीस मिनिटांत आटोपले. ७५ युरो हे व्हिसाचे शुल्क वेगळे भरावे लागते, हेही त्यांनी आधी सांगितले होते. केवळ या एका सेवेसाठी पंधरा-वीस हजार रुपये घेतले असते तर मी आनंदाने दिले असते.

ब्लॉक्ड अकाउंटच्या बाबतीत मात्र संस्थेचे अज्ञान आम्हाला महागात पडले. ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, की जर्मनीत राहण्याचा खर्च आपण स्वतः करू शकतो हे दाखवण्यासाठी ठरावीक रक्कम आधीच एका खात्यात भरावी लागते आणि तिकडे गेल्यावर ती दरमहा ठरलेल्या हप्त्याने आपल्यालाच परत मिळते. आम्ही जुलैमध्ये पैसे भरले तेव्हा ही रक्कम महिन्याला ९३४ युरो होती. १ सप्टेंबर २०२४ पासून ती ९९२ युरो होणार हे तोवर जाहीर झालेले होते. माझी मुलाखत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात असल्याचेही संस्थेला माहीत होते. तरीही कोणी काही बोलले नाही. मुलाखतीच्या चार दिवस आधी महाविद्यालयातील एका मुलाकडून मला हे कळले, आणि मग दरमहा ५८ युरोंप्रमाणे सहा महिन्यांचे ३४८ युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे बत्तीस हजार रुपये, घाईघाईने पाठवावे लागले. रक्कम आपलीच असते आणि ती परत मिळते हे खरे. परंतु शिक्षकाच्या घरात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बत्तीस हजार रुपये अचानक उभे करणे म्हणजे काय, हे संस्थेच्या माहितीपत्रकात लिहिलेले नसते. खाते उघडण्याचे काम मात्र एका तासाचे असून ते घरबसल्या ऑनलाइन होते. त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत.

विम्याची गोष्ट याहून खेदाची आहे. संस्थेने सहा महिन्यांचा प्रवासविमा १४,००० रुपयांना काढून दिला आणि ‘आता तुम्हाला तिकडे काहीच बघावे लागणार नाही’ असे सांगितले. व्हिसासाठी तो चालला, पण विद्यापीठाच्या प्रवेशनोंदणीला चालला नाही. तेथे नाव नोंदवायचे तर जर्मनीतील सार्वजनिक आरोग्य विमासंस्थेने विद्यापीठाला परस्पर कळवावे लागते, की ही विद्यार्थिनी विमाधारक आहे अथवा तिला सूट आहे. प्रवासविम्यावर ते होत नाही. त्यामुळे मी सार्वजनिक विमा घेतला. त्याचा हप्ता सुरुवातीला महिन्याला सव्वाशे युरोंच्या आसपास होता आणि जानेवारीपासून १४० युरोंच्या घरात गेला. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस वगळता ते १४,००० रुपये पाण्यात गेले. सार्वजनिक विमा महाग वाटतो, परंतु फेब्रुवारीत कानाच्या दुखण्यासाठी मी दोनदा डॉक्टरांकडे गेले तेव्हा कार्ड दाखवण्यापलीकडे मला काहीही करावे लागले नाही. खिशातून गेले ते औषधांचे पाच युरो.

व्हिसा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हाती आला आणि मी तासिका सुरू होण्याच्या केवळ दोन दिवस आधी पोहोचले. नवागतांसाठीचा परिचय-आठवडा हुकला. विमानतळावर माझ्या नावाची पाटी घेऊन जो माणूस उभा असायला हवा होता तो नव्हता, आणि संस्थेचा क्रमांक भारतात रात्र असल्यामुळे कोणी उचलत नव्हते. विमानातच ओळख झालेला जालन्याचा एक दादा तेथे पीएच.डी. करत होता. त्याने दोन्ही बॅगा उचलून मला गाडीत बसवले, तिकीट काढून दिले, ते यंत्रात ठसा उमटवून घेतल्याशिवाय वैध ठरत नाही हे समजावले आणि खोलीच्या दारापर्यंत सोडून तो परत गेला. तेथील मेट्रोस्थानकांवर फाटक नसते, कोणीही सरळ फलाटावर जाऊ शकतो. परंतु साध्या वेशातील तपासनीस केव्हाही डब्यात चढतात आणि तिकीट नसल्यास ६० युरो दंड करतात. ‘फाटक नाही म्हणजे तिकीट नाही’ असा समज करून घेतलेली दोन भारतीय मुले पहिल्याच महिन्यात हा दंड भरून बसलेली मी पाहिली.

आता खोलीविषयी. या पॅकेजमधील सर्वांत मोठा दोष हाच होता. ‘विद्यापीठाजवळ, सुसज्ज’ असे वर्णन असलेली खोली प्रत्यक्षात शहराच्या पूर्व टोकाला हेलर्सडॉर्फ भागात होती आणि तेथून वर्गात पोहोचायला एक तास लागत होता. अंतराची मला तक्रार नाही. उदगीरहून लातूरला रोज जाऊन शिकलेल्या मुली मला ठाऊक आहेत. भाडे ६२० युरो होते, तेही मी सोसले असते. खरी अडचण कागदाची होती. जर्मनीत नव्या घरी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ‘आनमेल्डुंग’ म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाने ‘ही व्यक्ती माझ्याकडे राहते’ असे लिहून द्यावे लागते. माझ्या घरमालकाने ते देण्याचे साफ नाकारले, कारण तो स्वतःच त्या घराचा भाडेकरू होता आणि मूळ मालकाला न सांगता खोली पुढे देत होता. नोंद नाही म्हणून बँक खाते अडले, बँक खाते नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधील पैशांचा पहिला हप्ता अडला. पहिले पाच आठवडे मी घरून नेलेल्या रोख ५०० युरोंवर आणि त्या जालन्याच्या दादाने दिलेल्या उसन्या पैशांवर काढले. संस्थेला सात ईमेल पाठवले. उत्तर एकाचेच आले आणि त्यात ‘स्थानिक नियमांची जबाबदारी विद्यार्थ्याची राहील’ असे करारातील अकरावे कलम उद्धृत केलेले होते. ते कलम करारात खरोखरच होते. आम्ही वाचले नव्हते, ही आमची चूक मी मान्य करते.

डिसेंबरपासून मी वेडिंग भागात, दुसऱ्या दोन मुलींसह एका सामायिक घरात राहू लागले. विद्यापीठाच्या सूचनाफलकावर चिकटवलेल्या एका चिठ्ठीवरून ते घर मिळाले. एक स्पॅनिश मुलगी चार महिन्यांसाठी मायदेशी जात होती आणि तिची खोली, गादी-टेबलासकट, ४३० युरोंना देत होती. घरमालकाची परवानगी आणि नोंदीचा कागद तिने आधीच तयार ठेवला होता. पत्ता नोंदला गेल्यावर पंधरा दिवसांत टपालाने एक पत्र येते, ज्यात प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो इतका रेडिओ-दूरदर्शनचा आकार भरण्यास सांगितलेले असते. आपल्याकडे टीव्ही नाही असे कळवून तो टळत नाही, कारण तो उपकरणावर नसून घरावर असतो. सामायिक घरात मात्र एकानेच भरला तरी पुरते. आम्ही तिघींनी ६.१२ युरो प्रत्येकी असा वाटून घेतला. एकट्याची खोली आणि सामायिक घर यांची तुलना करताना हा हिशेब कोणी धरत नाही, तो धरावा.

जर्मन भाषेच्या वीस तासांविषयी एवढेच सांगते, की त्यांत मी कॉफी मागवायला आणि माझे छंद सांगायला शिकले. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यात मला कॉफी कोणी विचारली नाही, पत्रे मात्र बारा आली. ‘फ्रिस्ट’ म्हणजे मुदत, ‘बेशाइड’ म्हणजे कार्यालयाचा निर्णय, ‘मानुंग’ म्हणजे थकबाकीचे स्मरणपत्र, हे तीन शब्द जरी त्या वीस तासांत शिकवले असते तरी ते सार्थकी लागले असते.

पॅकेजचा भाग येथे संपतो. विद्यार्थी म्हणून सत्राच्या सुरुवातीला मी विद्यापीठाला सुमारे ३०० युरो वर्गणी भरली. शुल्क नसलेल्या शिक्षणाचा हा एकमेव खर्च. त्यातील १७६.४० युरो प्रवासपासाचे होते. हा पास बर्लिनपुरता नसून संपूर्ण जर्मनीतील बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक रेल्वे यांना सहा महिने चालतो. केवळ वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या त्यात येत नाहीत. महिन्याला तीस युरोंच्या आत हा पास पडला. त्या पासावर मी ड्रेस्डेन पाहिले, श्प्रेवाल्डमधील कालवे पाहिले, आणि ज्या दिवशी खोलीत जीव गुदमरायचा त्या दिवशी नुसतीच रिंगबानमध्ये बसून राहिले. ही गाडी शहराभोवती सदतीस किलोमीटरचा फेरा तासाभरात पूर्ण करते आणि तुम्हाला बसल्या जागी परत आणून सोडते. जानेवारीच्या शेवटी शहरातील मेट्रो, ट्राम आणि बस कर्मचाऱ्यांचा एक दिवसाचा संप झाला, तेव्हाही ही उपनगरी गाडी चालू होती, कारण ती वेगळ्या यंत्रणेकडे आहे.

दुसरी सोय विद्यापीठाच्या खानावळीची, जिला तेथे ‘मेन्झा’ म्हणतात. एकाच ताटाचे तीन दर असतात: विद्यार्थ्यांचा, कर्मचाऱ्यांचा आणि पाहुण्यांचा. विद्यार्थी कार्डावर मला दुपारचे जेवण साधारण तीन युरोंत पडे. शाकाहारी घरातून गेलेल्या मुलीला युरोपात उपाशी राहावे लागेल ही माझ्या आजीची भीती येथे फोल ठरली. बर्लिनच्या विद्यापीठांतील खानावळींनी २०२१ च्या हिवाळी सत्रापासून आपली पदार्थसूची बदलली असून त्यांतील ६८ टक्के पदार्थ दूध-दुभतेही नसलेले, पूर्ण वनस्पतिजन्य असतात, २८ टक्के शाकाहारी, आणि मांस व मासे मिळून उरलेले चार टक्के. हवामानबदलाच्या विचाराने विद्यार्थ्यांनीच ही मागणी केली होती. चव मात्र सोसावी लागते. मसुरीचे सूप, भाजलेली गाजरे, उकडलेले बटाटे, आणि तिखटाच्या जागी मिरपुडीची आठवण. मी कांदा-लसूण मसाल्याची छोटी डबी खिशात ठेवत असे आणि नोव्हेंबर संपेपर्यंत ती आमच्या टेबलावर पाच जणांत फिरू लागली होती.

घरी स्वयंपाक करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ज्वारीचे पीठ भारतीय किराणा दुकानात मिळते, पण इलेक्ट्रिक शेगडीवर भाकरी फुगत नाही. तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून कापडाने दाबत बसावे लागते आणि तरीही ती आईच्या भाकरीची दूरची नातेवाईकच निघते. आणि ठेच्यासाठी मिरच्या भाजण्याआधी खिडकी उघडावी, कारण छतावरील धूरसूचक यंत्र मिरचीचा ठसका आणि आग यांत भेद करत नाही. ३० डिसेंबरला येळवस होती. आमच्याकडे त्या दिवशी अख्खे लातूर शेतात असते. मी गोठवलेला वाटाणा, पालक, डब्यातले हरभरे आणि बेसन घालून भज्जी केली, ताकात ज्वारीचे पीठ शिजवून आंबील केली, आणि सोबतच्या दोघींना जमिनीवर चादर अंथरून बसवले. हरभऱ्याच्या ओल्या पाल्याशिवाय तिला भज्जी म्हणणे धाडसाचे होते. त्या दोघींनी आंबील मागून घेतली, एवढे खरे.

शिक्षणाचा दर्जा हा या परीक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग असून त्याबद्दल मला मोकळ्या मनाने चांगलेच लिहायचे आहे. वेळापत्रकात दहा लिहिले असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, ही तेथील जुनी रीत आहे. सव्वादहा म्हणजे मात्र सव्वादहाच. तास संपल्यावर विद्यार्थी टाळ्या न वाजवता बाकावर बोटांच्या पेरांनी ठोकतात. पहिल्या दिवशी मला वाटले की प्राध्यापकांचे काही चुकले. हजेरी घेतली जात नाही, अंतर्गत गुणांचे भय नसते, आणि म्हणूनच नोव्हेंबरच्या मध्यावर मी दोन आठवडे मागे पडले होते हे मला कोणी सांगितले नाही. परीक्षेला बसण्यासाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती मुदतीत केली नाही तर वर्षभर अभ्यास केलेल्या विषयाच्या परीक्षेलाही बसता येत नाही. गुणांची पद्धत आपल्या उलट, म्हणजे १.० सर्वोत्तम, ४.० ला उत्तीर्ण आणि ५.० ला नापास. घरी फोनवर ‘मला १.७ मिळाले’ असे सांगितल्यावर पलीकडे जी शांतता पसरली ती मला आयुष्यभर आठवेल.

माझा मुख्य विषय शहरी पाणीपुरवठा आणि सांडपाणी हा होता. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा मी शाळेत होते; संभाजीनगरला जायकवाडी जवळ असूनही नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, हे मी रोज पाहते. अशा ठिकाणाहून गेलेल्या मुलीला बर्लिन हे शहर म्हणजे एक भलेमोठे प्रात्यक्षिक वाटते. ते शहर आपले पिण्याचे पाणी जमिनीतूनच काढते. नद्या आणि तळी यांच्या काठाशी विहिरी खोदलेल्या आहेत. त्यांतून उपसा सुरू झाला की नदीचे पाणी वाळूच्या थरांतून हळूहळू झिरपत विहिरीकडे येते आणि वाटेत गाळले जाते. हे पाणी इतके चांगले असते की त्यात सहसा क्लोरीनही घालावे लागत नाही. नळाचे पाणी सरळ ग्लासात घेऊन पिण्याची सवय व्हायला मला तीन आठवडे लागले. पाणी जड असल्यामुळे किटलीत पांढरा थर साचतो. तो पाहून मात्र लगेच घरच्या बोअरची आठवण झाली.

आमच्या वर्गाची एक सहल श्प्रे नदीकाठच्या जुन्या उपसा केंद्राकडे नेली होती, जेथे आता नाट्य आणि संगीताचे कार्यक्रम होतात. १८७३ पासून जेम्स होब्रेख्ट या अभियंत्याने बर्लिनची सांडपाणी व्यवस्था उभी केली, तिचे हे एक केंद्र. त्याने शहराचे बारा भाग पाडले. प्रत्येक भागातील सांडपाणी उताराने त्या भागाच्या केंद्राकडे यायचे आणि तेथून पंपांनी शहराबाहेरच्या शेतांवर सोडले जायचे. शहर सपाट, उतार नाही, म्हणून एका मोठ्या गटाराऐवजी बारा लहान व्यवस्था. ही गोष्ट ऐकताना माझ्या मनात आमचीच नहर-ए-अंबरी येत होती. पुढे चर्चासत्रात प्रत्येकाने आपल्या शहराच्या पाण्याची मांडणी करायची होती, तेव्हा मी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकीसाठी, म्हणजे आजच्या संभाजीनगरसाठी, बांधलेली ही भूमिगत नहर मांडली: डोंगरातून झिरपणारे पाणी पकडणे, केवळ उताराच्या बळावर ते शहरात आणणे, वाटेत तपासणीसाठी विवरे ठेवणे. प्रश्नोत्तरे ठरलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास जास्त चालली. ज्या शहरात मी चार वर्षे राहते तेथील नहरीचा नकाशा मी पहिल्यांदा नीट काढला तो बर्लिनमध्ये, याचे मला थोडे ओशाळवाणेही वाटले. त्या विषयात मला १.३ मिळाले.

ग्रंथालयांबद्दल थोडक्यात. हुम्बोल्ट विद्यापीठाचे ग्रिम ग्रंथालय, जे २००९ मध्ये सुरू झाले, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या वाचनदालनासाठी प्रसिद्ध असून तेथे दुसऱ्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यालाही बसता येते. कोट आणि पिशवी खाली लॉकरमध्ये ठेवावी लागते. डिसेंबरमध्ये बर्लिनला सकाळी सव्वाआठला उजाडते आणि दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा संध्याकाळचे सहा तास कोठे काढायचे हा प्रश्न केवळ अभ्यासाचा राहत नाही. अंधाराविषयी सल्लागार संस्था काही सांगत नाहीत. मी दोन आठवडे अंथरुणातून उठू शकत नव्हते आणि ते आळसामुळे होत आहे असे समजत होते. विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य समुपदेशन असते, इंग्रजीतूनही. तेथे गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मला कळले की दक्षिणेकडील देशांतून आलेल्यांपैकी अनेकांना पहिल्या हिवाळ्यात हे होते. जाणाऱ्या प्रत्येकाने ही सोय पहिल्याच महिन्यात शोधून ठेवावी.

त्या वर्षअखेरपर्यंत प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी बर्लिनमधील अनेक संग्रहालये विनामूल्य असत. मला नोव्हेंबर आणि डिसेंबर असे दोनच रविवार मिळाले, कारण शहराने खर्चकपातीत ही योजना डिसेंबर २०२४ नंतर बंद केली. नव्या संग्रहालयात नेफरतितीचा अर्धपुतळा पाहिला. पेर्गामोन संग्रहालय दुरुस्तीसाठी २०२३ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण बंद असल्याने हुकले. तिकीट न काढता जे पाहिले त्यात मला सर्वाधिक जवळचे वाटले ते हुम्बोल्ट फोरमच्या बाहेर उभे असलेले सांचीच्या पूर्व तोरणाचे दगडी प्रतिरूप. सांचीच्याच दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांच्या प्रमुखाचा लेख आहे, आणि सातवाहनांची राजधानी आमचे पैठण. बर्फ पडत असताना त्या तोरणाखाली उभे राहून मी आईला व्हिडिओ कॉल केला. तिने तोरण पाहिले नाही, ‘कानटोपी घाल’ एवढेच म्हणाली.

एकूण खर्च विचारणाऱ्यांसाठी माझा हिशेब असा: तिकडचे भाडे, विमा, वर्गणी, जेवण आणि किरकोळ मिळून सुमारे ५,२५० युरो, म्हणजे पाच लाखांच्या थोडे आत, विमानाचे जाण्या-येण्याचे तिकीट, व्हिसा आणि गरम कपडे मिळून ८५,००० रुपये, पॅकेज १,२०,००० रुपये, आणि वाया गेलेला प्रवासविमा १४,००० रुपये. सगळे धरून सात लाखांच्या आसपास. यातील शेवटच्या दोन रकमांपैकी व्हिसाच्या फाइलपुरता भाग सोडला तर उरलेले लाखभर रुपये मला सहज वाचवता आले असते. महाविद्यालयातून आदल्या वर्षी जाऊन आलेल्या विद्यार्थ्याशी एक तास बोलणे, खोली न पाहता एकही युरो न देणे, नोंदीचा कागद मिळेल असे घरमालकाकडून आधी लेखी घेणे, आणि विम्यासाठी थेट जर्मन सार्वजनिक विमासंस्थेला ईमेल करणे, एवढे पुरेसे होते. शिवाय निघण्याआधी कोणते विषय घेणार आणि त्यांचे श्रेयांक येथे मान्य होणार का, हे ‘लर्निंग ॲग्रीमेंट’वर विभागप्रमुखांच्या सहीने पक्के करून घ्यावे. मी एक विषय तिकडे गेल्यावर बदलला आणि नवी सही घेतली नाही. परिणामी माझ्या ३० श्रेयांकांपैकी २४ च मान्य झाले आणि तो सहा श्रेयांकांचा विषय मी आता येथे पुन्हा शिकते आहे.

पाचपैकी गुण द्यायचे तर बर्लिनमधील विद्यार्थीसेवांना मी साडेचार देईन. अर्धा गुण तेथील टपालाच्या आणि मुदतींच्या भाषेसाठी राखून ठेवते. पॅकेजला दोन, आणि ते दोन्ही फाइल पाहणाऱ्या मॅडमचे. एप्रिलमध्ये परतल्यावर मी संस्थेकडे लेखी तक्रार दिली. मे महिन्यात त्यांनी प्रवासविम्याचे १४,००० रुपये परत केले आणि त्याच फोनवर नव्या विद्यार्थ्यांसाठी माझा अनुभव सांगणारी दोन मिनिटांची चित्रफीत पाठवण्याची विनंती केली. हेलर्सडॉर्फच्या खोलीसाठी भरलेल्या ६२० युरो अनामतीपैकी ३१० युरो मला मिळाले आहेत. उरलेल्यांविषयी घरमालक संस्थेकडे बोट दाखवतो आणि संस्था अकराव्या कलमाकडे.